जुन्या होंडा सिटीला व्हीटेकचं हेड: डिचोलीच्या एका गॅरेजचा अनुभव

आमची होंडा सिटी २००० सालची, १.५ ईएक्सआय, नंबर जीए-०१ चा. बाबांनी ती घेतली तेव्हा ते खाणीच्या वर्कशॉपमध्ये होते आणि मी बारावीला. आज मी हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवते, बाबा पंचाहत्तरीला आलेत, गाडी मात्र तीच आणि रोज रस्त्यावर. गेल्या मे महिन्यात बेळगावला जाताना चोर्ला घाटात रेडिएटरचा वरचा होज फुटला. चढाचा रस्ता, मागे ट्रकांची रांग, कडेला घ्यायला जागा मिळेपर्यंत काटा लाल रेघेपलीकडे गेला होता. दुसऱ्या दिवशी टो करून डिचोलीला आणली. डिपस्टिक काढून बघितली तर तेल ताकासारखं पांढरट. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्या मधली पट्टी, गेलं होतं.

ज्या गॅरेजने ही गाडी पुन्हा उभी केली, त्यांच्या कामाबद्दल हे लिहिते आहे. नाव देत नाही, कारण पुढे एक तक्रारही आहे. ती मी मेस्ताच्या, म्हणजे गॅरेजच्या मिस्त्रीच्या, तोंडावर सांगितली आहे आणि त्याने ती निस्तरलीही आहे. डिचोलीत जुन्या गाड्यांचं काम करून घेणाऱ्यांना वर्णनावरून कळेलच: पत्र्याची लांब शेड, आत एकाच वेळी चारपेक्षा जास्त गाड्या घेत नाहीत, आणि भिंतीवर टूल्सच्या जागी त्या त्या टूलचा आकार रंगवलेला.

गॅरेजच्या पाठीमागे त्यांचंच मशिन शॉप आहे, आणि माझ्या मते तिथे जाण्याचं खरं कारण तेच. खाणी जोरात होत्या तेव्हा तिथे दिवसरात्र टिप्परची हेडं फेस (घासून सपाट) होत असत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक अंगणात गवतात उभे राहिले आणि अशी कितीतरी शॉप्स बंद पडली. या मेस्ताने मशिनं विकली नाहीत, छोट्या गाड्यांच्या कामाकडे वळला. बाबांची आणि त्याची ओळख त्या दिवसांची. बाबांना तो काका म्हणतो, मला बाय.

हेड उतरवल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती अशी की आम्हाला बोलावून घेतलं आणि आमच्यासमोर माप घेतलं. हेड उलटं ठेवून, घासून पुसून, त्यावर सरळ पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर धरायची आणि खालून फीलर गेज, म्हणजे ठरलेल्या जाडीची पाती, सरकवून बघायचं. होंडाच्या या इंजिनांच्या हेडला ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा वाक चालतो. त्याच्या वर गेला तर फेसिंग करायचं, पण ९३ मिलिमीटर उंचीच्या हेडवरून ०.२ पेक्षा जास्त धातू काढायचा नाही. आमच्या हेडखाली मधोमध ०.३० चं पातं आरामात आत गेलं. वर प्रेशर टेस्टला तिसऱ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधून बुडबुडे. केसाएवढी चीर. अॅल्युमिनियमचं हेड एकदा इतकं तापलं की त्याचं असंच होतं.

म्हणजे हेड बदलायचंच होतं. तेव्हा बाबा म्हणाले, "मग व्हीटेकचंच बघूया काय?"

हे त्यांच्या मनात वीस-बावीस वर्षं होतं. सिटीची व्हीटेकवाली आवृत्ती आली तेव्हा आमची गाडी घेऊन झाली होती. कागदावर फरक शंभर आणि एकशेसहा अश्वशक्तीचा, पण ज्यांनी ती चालवली ते आकड्याबद्दल बोलत नाहीत, वरच्या आरपीएमला ती कशी ओढते ते सांगतात. त्या काळात म्हापशाला एका डॉक्टरांची ती गाडी होती आणि बाबा ती सिग्नलला दिसली की काच खाली करून आवाज ऐकायचे.

व्हीटेक म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण गॅरेजात याबद्दल बराच गोंधळ ऐकला. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा हे कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या, आकारावर ठरतं, आणि तो आकार एकच असतो. कमी आरपीएमला सोयीचा कॅम घेतला तर वर इंजिनाचा श्वास कोंडतो, वरच्यासाठी घेतला तर खाली ते धडपडतं. होंडाचे इंजिनिअर इकुओ काजितानी यांच्या टीमने यावर तोडगा काढला आणि १९८९ च्या इंटेग्रात तो पहिल्यांदा आला. १.६ लिटरमध्ये १६० अश्वशक्ती, तीही टर्बोशिवाय. सिटीच्या हेडमध्ये त्याचीच सोपी आवृत्ती आहे, एकाच कॅमशाफ्टची. प्रत्येक सिलिंडरच्या इनटेक (हवा आत घेणाऱ्या) बाजूला दोनऐवजी तीन रॉकर, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे दांडे. एरवी कडेचे दोन आपापल्या लहान लोबवर (कॅमच्या उंचवट्यावर) चालतात आणि मधला उंच लोबवर नुसताच हलत राहतो, व्हॉल्व्हशी त्याचा संबंध नसतो. ठरलेल्या आरपीएमला ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) एका सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपेला, करंट देतो, तेलाची वाट उघडते, रॉकरच्या पोटातल्या बारीक पिना तेलाच्या दाबाने सरकतात आणि तिन्ही रॉकर एकत्र जखडले जातात. मग दोन्ही व्हॉल्व्ह उंच लोबच्या तालावर चालतात. एक्झॉस्टची बाजू होती तशीच.

आजच्या गाड्यांवर व्हीव्हीटी लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा वेगळं असतं. तिथे कॅमचा आकार तोच राहतो, पुढच्या चकतीत तेल सोडून अख्खा कॅम थोडा पुढे-मागे फिरवतात. आमच्यासमोर एक मुलगा दुसऱ्या कंपनीची हॅचबॅक घेऊन "तसलं हेड बसवून द्या" म्हणून आला होता. मेस्ताने त्याला बसवून चहा दिला, चेन कव्हर, कॅमचा सेन्सर, वायरिंग असं सगळं बदलावं लागेल हे समजावलं आणि काम नाकारलं. आमच्या बाबतीत तो तयार झाला याचं कारण होंडाच्या या जातीच्या इंजिनांत साधा ब्लॉक आणि व्हीटेकचं हेड एकमेकांवर बसतं. बोल्टांच्या जागा जुळतात, तेल वर जायची वाट जुळते. जगभर लोकांनी हे केलं आहे. तरी तो म्हणाला, "जातलें बाय, पूण वेळ लागतलो."

त्याच्या अटी तीन होत्या. हेड सुटं आणायचं नाही, त्याच गाडीचं इनटेक मॅनिफोल्ड, डिस्ट्रिब्युटर आणि ईसीयू सोबत हवं. खालचा ब्लॉक तपासल्याशिवाय वरचं काही विकत घ्यायचं नाही. आणि कागदांचं आम्ही बघायचं. तिसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, त्यामुळे हेड बदलून नंबर बदलत नाही, हे खरं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने गाडीतल्या बदलांबद्दल कडक निकाल दिलेला आहे. आम्ही आरटीओत लेखी विचारलं, विमा कंपनीला पत्र दिलं आणि दोघांचं उत्तर हातात आल्यावरच पुढे सरकलो. त्यात जूनचा अर्धा महिना गेला. तुम्ही करणार असाल तर हे टाळू नका.

ब्लॉक चांगला निघाला. सिलिंडरची झीज मर्यादेत, बेअरिंगवर ओरखडे नाहीत. सम्प (इंजिनाखालची तेलाची टाकी) उघडून धुतला, कारण तेलात पाणी मिसळलं की त्याचा चिखल कुठे कुठे बसतो सांगता येत नाही. ब्लॉकमधून हेडकडे तेल जातं त्या वाटेत एक पितळी तुकडा असतो, बारीक भोकाचा. तो मेस्ताने चिमट्याने काढून माझ्या तळहातावर ठेवला. शेंगदाण्यापेक्षा लहान. त्या भोकात ताकासारखं तेल वाळून बसलं होतं. "हें बंद जाल्यार व्हीटेक कितें, कॅम सुद्दां उरचो ना." मग त्याने ते तारेने नाही, पेट्रोलने आणि हवेने साफ केलं. तारेने भोक मोठं होतं.

हेडचा सेट कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर्सच्या बाजारातून आला. बसच्या डिकीत पोत्यात गुंडाळून. आला त्या दिवशी मला तो भंगारच वाटला, आणि इथून पुढचे तीन आठवडे या गॅरेजने जे केलं त्यासाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देते. गरम कॉस्टिकला हात न लावता अॅल्युमिनियमला चालणाऱ्या द्रावणात धुलाई, प्रेशर टेस्ट, वाक ०.०४, म्हणजे फेसिंगची गरजच नव्हती. तरी मेटलचं गॅस्केट बसणार म्हणून अगदी हलका हात मारला. सोळाही व्हॉल्व्ह लॅप केले (सीटवर घासून घट्ट बसवले), नवे सील घातले. रॉकर शाफ्ट सोडवून प्रत्येक रॉकरच्या पिना बोटाने ढकलून बघितल्या. दुसऱ्या सिलिंडरची एक पीन अडकत होती, ती नुसत्या तेलात भिजवून दोन दिवसांनी मोकळी झाली.

मग कॉम्प्रेशनचा प्रश्न, म्हणजे पिस्टन आतलं मिश्रण किती पटीने दाबतो त्याचा. हेड बदललं की ज्वलनाच्या पोकळीचं माप बदलतं. या इंजिनाचा बोअर ७५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८४.५, म्हणजे एका सिलिंडरचं ३७३ घन सेंटीमीटर. पिस्टन वर असताना ४२ घन सेंटीमीटर जागा उरली तर कॉम्प्रेशन ९.९ येतं, ४० उरली तर १०.३. फरक अर्धा चमचासुद्धा नाही, पण पंपावरच्या साध्या पेट्रोलवर, मे महिन्याच्या उकाड्यात, घाट चढताना नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) होणार की नाही हे त्यावर ठरू शकतं. मेस्ताची मोजायची पद्धत सिरिंजची होती. मी घरून पन्नास मिलिलिटरचं ब्युरेट नेलं, जाड अॅक्रिलिकच्या तुकड्याला भोक पाडलं, कडेला ग्रीस लावून तो पोकळीवर चिकटवला आणि थेंबाथेंबाने रंगीत रॉकेल सोडलं. प्लगचं भोक प्लगनेच बंद. चारही पोकळ्यांमध्ये अर्ध्या मिलिलिटरच्या आतला फरक. गॅस्केटची जाडी आणि पिस्टनवरची खळगी धरून हिशेब १० च्या जरा खाली आला. मेस्ताने माझी वही मागून घेतली आणि आकडे आपल्या जॉब कार्डवर उतरवून घेतले. बाबा बाजूला स्टुलावर बसून सगळं बघत होते. इतके खूश मी त्यांना खाणी थांबल्यापासून पाहिले नव्हते.

याहून नाजूक तपासणी पुढे होती. या इंजिनात टायमिंग चुकलं तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, म्हणून उंच लोबवर व्हॉल्व्ह उघडला तरी मध्ये किती जागा राहते हे बघणं आवश्यक. पिस्टनवर मुलांच्या खेळातली माती ठेवायची, हेड बसवून क्रँक हाताने फिरवायचा, परत उघडून दबलेल्या मातीची जाडी मोजायची. पण हाताने फिरवताना तेलाचा दाब नसतो, म्हणजे रॉकर जखडलेले नसतात आणि मोजमाप लहान लोबचं येतं. बऱ्याच ठिकाणी ही चूक होते. मेस्ताने तपासणीचं भोक उघडून कॉम्प्रेसरची हवा बेताने आत सोडली, टक् असा बारीक आवाज आला, पिना सरकल्या, आणि मग क्रँक फिरवला. मातीचा थर चाकूने कापून व्हर्नियरने मोजला. भरपूर जागा होती. तो टक् आवाज मी नंतर दोनदा मुद्दाम ऐकायला लावला.

हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने. टॅपेटची फट इंजिन थंड असताना, इनटेक ०.२० आणि एक्झॉस्ट ०.२५ मिलिमीटर. टायमिंग बेल्ट आणि त्याच्यावरच चालणारा वॉटर पंप नवा. हे कुठल्याही चांगल्या गॅरेजात व्हायला हवं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

आता तक्रारी.

पहिली वेळेची. पंधरा जुलै सांगितलं होतं, गाडी मिळाली गणेश चवथीनंतर. पावसात दोन दिवस वीज नव्हती, एक कारागीर आजारी पडला, हे मी समजू शकते. पण चवथीच्या आधीच्या आठवड्यात मी रोज फोन केला आणि रोज "फाल्यां", म्हणजे उद्या, ऐकलं. नाही होणार असं स्पष्ट सांगितलं असतं तर आम्ही गणपती आणायला वेळेवर दुसरी गाडी ठरवली असती. आदल्या रात्री धावपळ करावी लागली आणि त्याचा मला अजून राग आहे.

दुसरी कामाची. गाडी घेऊन मी साखळीहून केरीच्या रस्त्याला लागले. सेल्फ एका फटक्यात, आयडल गुळगुळीत, खालचा पिकअप आधीसारखा. तिसऱ्या गिअरमध्ये ताणली तर पाच हजाराच्या पुढे काहीच बदललं नाही, उलट इंजिन आखडलं आणि चेक इंजिनचा दिवा पेटला. परत आणली. या जुन्या होंडांमध्ये डायग्नोसिसच्या प्लगच्या दोन टोकांना वायर जोडली की दिवाच कोड सांगतो, लांब उघडझाप दशकाची, आखूड एककाची. दोन लांब, दोन आखूड. बावीस. म्हणजे ईसीयूने व्हीटेकचा हुकूम दिला, पण प्रेशर स्विचला तेलाचा दाब पोचलेला दिसला नाही.

सोलेनॉइडचा रोध मोजला, एकोणीस ओहम, ठीक. वायरिंग ठीक. गरम इंजिनाचा ऑइल प्रेशर तीन हजारावर साडेतीन किलोच्या वर, तोही ठीक. मग सोलेनॉइडच खोलला. त्याच्या बुडाशी एक गॅस्केट असतं आणि त्यातच तेल गाळायची बारीक जाळी. नवं गॅस्केट लावलं होतं, पण हेल्परने वरून सिलिकॉनही फासलं होतं, आणि दाबून बाहेर आलेले त्याचे निळे कण जाळीवर बसले होते. अर्धी जाळी बंद. एवढी मापं घेणाऱ्या गॅरेजात हे व्हायला नको होतं. शेवटचा हात मेस्ताने स्वतः का फिरवला नाही, असं मी विचारलं. त्याने सबब सांगितली नाही. सोलेनॉइड, तेलाची पुढची वाट, रॉकर शाफ्ट, सगळं पुन्हा उघडून धुतलं, तेल आणि फिल्टर बदललं, नवं जाळीचं गॅस्केट कोरडं बसवलं. पैसे घेतले नाहीत. त्या हेल्परला ओरडण्याऐवजी त्याच्याकडूनच दुसऱ्यांदा बसवून घेतलं, शेजारी उभं राहून.

खर्च असा आला: हेडचा सेट २४,०००, आणणावळ १,२००, मशिन शॉप ८,५००, पार्ट्स १७,४००, मजुरी १६,०००, वायरिंग ३,५००. एकूण ७०,६००. बिल पक्कं, प्रत्येक पार्टची रिकामी खोकी सोबत. नुसतं साधं जुनं हेड बसवलं असतं तर यातले वीस-बावीस हजार वाचले असते. ताकदीसाठी कुणी हे करणार असेल तर त्याने ते पैसे टायर आणि ब्रेकवर घालावेत, असंच मी सांगेन. हेड मुळात बदलायचंच असेल, ब्लॉक निरोगी असेल आणि गाडी आणखी दहा वर्षं ठेवायची असेल, तर मात्र इथे जाच. फक्त तारीख कागदावर लिहून घ्या.

दुसऱ्यांदा गाडी मिळाल्यावर बाबांना घेऊन गेले. चोर्ल्याच्या चढावर, पुढचा रस्ता लांबवर मोकळा दिसल्यावर एक ट्रक मागे टाकायचा होता. तिसरा गिअर, पाय पूर्ण खाली. पाच हजाराच्या आसपास आवाज बदलला. आधी घोगरा, मग एकदम मोकळा, आणि पूर्वी जिथे दम लागायचा तिथून गाडीने पुढचा पल्ला घेतला. बाबांनी काच खाली केली. पुढच्या वळणापर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही. मग ते म्हणाले, "डॉक्टरांची अशीच वाजायची."

रोजच्या चालवण्यात फरक जवळजवळ नाही. अॅव्हरेज मी टाकी भरून मोजते. साखळी-पणजी फेऱ्यांत आधी साडेबारा होता, आता तेवढाच आहे. नॉकिंग एकदाही ऐकू आलं नाही. पीयूसी पास झाली. कॉम्प्रेशनचा दाब चारही सिलिंडरला १८० ते १८५ पीएसआय.

मेस्ताने बजावलं होतं की तेल पाच हजार किलोमीटरला बदलायचंच, कारण आता तेल नुसतं वंगण नाही, रॉकरच्या पिना तेच सरकवतं. मागच्या महिन्यात पाच हजार झाले तेव्हा गाडी घेऊन गेले. न सांगता त्याने आधी सोलेनॉइड खोलला, जाळी पुसली आणि शेडच्या बाहेर येऊन उन्हात धरली. एक कण नव्हता, पलीकडचं आंब्याचं झाड आरपार दिसत होतं. त्याने ती बाबांच्या हातात दिली आणि नवी बसवायला आत गेला.